हप्त्याची गाडी की कंपनीची नोकरी? वाचकांचे सवाल

या वेळी इंदूरच्या टपालात ट्रक चालवायचेच सवाल जास्त आलेत. बँकेच्या परीक्षा देऊन देऊन पोरं कंटाळली असतील, दुसरं काय. पत्रं लांबलचक होती म्हणून कापून छोटी केलीयत, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत, मोहल्ला तेवढा ठेवलाय.

सवाल: काका, वय २४. हेवीचं लायसन झालंय आणि देवास नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये सेकंड ड्रायव्हर म्हणून जातोय. आता दोन रस्ते समोर आहेत. एक, पिथमपूरला एक कंपनी २४ हजार पगार देतेय, ट्रिपचा भत्ता वेगळा, पीएफ कापणार. दुसरा, आमचाच शेठ म्हणतो माझी २०१६ ची सहा चाकी घे, दोन लाख आत्ता दे, मग महिन्याला ३८ हजार असे ३६ हप्ते, भाडं मीच देत जाईन, हप्ते फिटले की गाडी तुझी. त्याचा हिशेब असा की इंदूर-मुंबई जाऊन-येऊन ४८ हजार भाडं, डिझेल-टोल-खुराकी जाऊन १८ हजार उरतात, महिन्याला पाच फेऱ्या म्हणजे ९०, हप्ता गेला की ५२ हजार माझे. घरचे म्हणतात नोकरी कर. मला वाटतं नोकरी धरली तर आयुष्यभर ड्रायव्हरच राहीन. (नंदानगर)

जवाब: अरे, शेठचा हिशेब मी कागदावर मांडून बघितला. मुंबई ५९० किलोमीटर धर, जाऊन-येऊन ११८०, भरलेली सहा चाकी पाचचा अ‍ॅव्हरेज देते असं मानू, २३६ लिटर झालं, ९२ चा भाव धरला तर २१ हजार ७०० चं डिझेल. वर टोल, खुराकी, हमाली, वाराई म्हणजे माल उतरवून घ्यायचे पैसे. तेव्हा १८ उरतात हे पटण्यासारखं आहे, तिथे त्याने काही मारलेलं नाही. घोळ पाच फेऱ्यांत आहे. गाडी नुसती चालतेय असं धरलं तर पाच काय सहा पण होतील, पण भिवंडीत गोडाऊनच्या बाहेर लाइनीत दोन दिवस बसलास, मग परतीचं भाडं बसेना म्हणून कळंबोलीला अजून दीड दिवस, इथे आलास तर लोहामंडीत भराई नाही, मध्ये एखादा सण, एखादा क्लच, की झाल्या तीन फेऱ्या. तीन फेऱ्यांचे ५४ हजार. हप्ता ३८. राहिले १६.

आता त्या १६ मधून विमा काढ. १२ ते २० टनाच्या मालगाडीला नुसत्या थर्ड पार्टीचा २०२२ साली ठरलेला दर ३५,३१३ रुपये आहे, जीएसटी वेगळा, आणि नॅशनल परमिटचे, म्हणजे राज्याबाहेर माल न्यायच्या परवान्याचे, वर्षाचे १६,५००. दोन्हीचं महिन्याला ४,३०० च्या वर बसतं. म्हणजे हातात पावणेबारा हजार, आणि अजून एक टायर बदललेला नाही, गाडी आठ वर्षांच्या वर गेलीय म्हणून फिटनेस दरवर्षी करायचंय ते धरलेलं नाही, सोबतच्या पोराचा पगार धरलेला नाही. पिथमपूरच्या २४ हजारांच्या अर्ध्यावर आलास बघ, ते पण दोन लाख घालून.

मग ही तूट भरून काढायला काय करतात ते तू सेकंड सीटवर बसून बघितलंच असशील. एक तर झोप मारतात, नाहीतर जास्तीचा माल घालतात. ओव्हरलोडला २०१९ पासून २० हजार दंड आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनामागे २ हजार, म्हणजे तीन टन जास्त भरलास तर २६ हजार, आणि तो माल तिथेच उतरवून ठेवायचा खर्च तुझा. दीड फेरीची कमाई एका वजनकाट्यावर गेली.

पण मला सगळ्यात जास्त खटकली ती गाडीची साल. दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला १२ वर्षं झाली की नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टी अ‍ॅक्सल असेल तर १५ वर्षांपर्यंत मिळतं. सहा चाकी म्हणजे दोन अ‍ॅक्सल. २०१६ ची गाडी २०२८ ला बाराची होते आणि तुझे ३६ हप्ते संपणार २०२९ ला! म्हणजे शेवटचे कितीतरी महिने हप्ता चालू आणि मुंबईचं भाडं बंद, गाडी एमपीच्या आत रेती-गिट्टी मारायची फक्त, त्यात ३८ हजार कुठून काढणार. शिवाय २०१६ ची आहे म्हणजे बहुतेक बीएस-३, धुराच्या जुन्या नियमातली, असणार, आरसीवर म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर बघून घे, कारण दिल्लीत बाहेरच्या बीएस-३ मालगाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून एंट्रीच नाही. शेठला हे माहीत नाही असं मला वाटत नाही. माहीत आहे म्हणून तर गाडी काढतोय तो.

आणि कागद? हप्ते फिटेपर्यंत आरसी त्याच्या नावावर. समजा त्याने त्याच गाडीवर कुठून फायनान्स उचललेला असला आणि तो त्याने भरला नाही तर गाडी तुझ्या हातातून उचलून नेतील, तुझे सगळे हप्ते वेळेवर गेलेले असले तरी. परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकलास की बोजा आहे का, फिटनेस कधीपर्यंत आहे, चालान किती बाकी आहेत, सगळं दिसतं. अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. मालक स्वतःच ड्रायव्हर असेल तर विम्यात त्याचा १५ लाखांचा अपघात कव्हर असतो, पण तो ज्याच्या नावावर आरसी आहे त्याला. तुझ्या नावावर आरसी नाही म्हणून तो तुला नाही, आणि तू शेठच्या पगारावर नाहीस म्हणून नोकराची भरपाई मागायला गेलास तर शेठ म्हणणार हा माझा माणूसच नाही, ह्याला तर मी गाडी विकलीय. उद्या काही झालं तर तुझी आई कोणाच्या दारात जाणार सांग.

असल्या सौद्यात मी दोनच गोष्टी बघतो. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, आणि भाडं देणारा आणि हप्ता घेणारा एकच माणूस आहे का. तुझ्या केसमध्ये उभ्या गाडीचा सगळा भार तुझ्यावर, आणि शेठ एका हाताने भाडं देणार, दुसऱ्या हाताने हप्ता घेणार. म्हणजे ज्या महिन्यात तो भाडं कमी देईल त्या महिन्यात तूच डिफॉल्टर, दोन महिने असं झालं की गाडी परत त्याच्या दारात आणि तुझे दोन लाख गेले, मग पुढचा पोरगा तयारच असतो नाक्यावर. सगळेच शेठ असं करतात असं नाही, चांगलेही आहेत, पण सौदा असा लिहिलेला आहे की वाईट वागायचं ठरवलं तर त्याला काही कष्ट पडणार नाहीत.

तेव्हा पिथमपूर धर. पण तिथेही डोळे मिटून सही करू नकोस. विचार की भत्ता फक्त गाडी चालली तरच आहे की गोडाऊनबाहेर हॉल्टिंगला थांबलो तरी मिळतो. विचार की डिझेलचा अ‍ॅव्हरेज कमी पडला तर पगारातून कापता का, आणि तो अ‍ॅव्हरेज भरलेल्या गाडीचा ठरवलाय की रिकाम्या. माल कमी भरला, भिजला, तर वसुली कोणाकडून. पीएफ नंबर पहिल्या महिन्यातच घे. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागतं, तुझा २४ आहे म्हणजे तू त्यात बसत नाहीस, म्हणून ग्रुप अपघात पॉलिसी आहे का हे तोंडी नको, कागदावर बघ. आणि पत्र घे नेमणुकीचं, आमच्याकडे असं काही देत नाहीत म्हणाले तर समजून जा.

ड्रायव्हरच राहीन म्हणतोस. बरं मग? दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या डिझेलवर लाइन शिक, कुठल्या मंडीत कुठल्या महिन्यात माल निघतो, कुठला ब्रोकर पोच मिळाल्यावर बॅलन्स लगेच सोडतो आणि कुठला दोन-दोन महिने फिरवतो, हे तुला कुठल्या शाळेत कळणार नाही. तेवढ्यात पगारातून पैसे साठव आणि मग दहा चाकी बघ, जुनी चालेल, पण आरसी पहिल्या दिवसापासून तुझ्या नावावर, फायनान्स कंपनीचा बोजा आरसीवर चढलेला, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या, आधीच्या मालकाचा बोजा फॉर्म ३५ ने उतरलेला. जुन्या गाड्यांवर कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत, व्याज जास्त घेतात, पण त्यांना हप्त्याशी मतलब, भाडं तू कोणाचं मारतोस ह्याच्याशी नाही, आणि हाच मोठा फरक आहे.

सवाल: मी २१ चा, छोटा हाथी चालवतो, सियागंजहून माल घेऊन गावभर. लायसन एलएमव्ही, हलक्या गाडीचं. दोस्त म्हणतो सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एलएमव्हीवर आता ट्रक चालवता येतो. खरं का? आणि मोठी गाडी शिकू कुठे? (परदेशीपुरा)

जवाब: दोस्ताने अर्धंच वाचलंय. ६ नोव्हेंबर २०२४ चा तो निकाल असा आहे की गाडीचं मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही लायसनवर ती कमर्शियल गाडी पण चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का नको. म्हणजे तुझा छोटा हाथी पक्का झाला, दहा चाकी नाही. हेवीसाठी वय २० पूर्ण पाहिजे ते तुझं आहे, एलएमव्हीला वर्ष झालेलं पाहिजे, डॉक्टरचा फॉर्म १-ए, मग लर्निंग, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ आणि मग ट्रायल. आठवी पासची जुनी अट २०१९ ला निघाली, तेव्हा त्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर देऊ नकोस. लायसन पाच वर्षांचं मिळतं. केमिकल, गॅस असला माल ओढायचा असेल तर त्याचं ट्रेनिंग वेगळं, आणि तो शिक्का तीनच वर्षं चालतो.

शिकायला छिंदवाड्याला अशोक लेलँड चालवते ते ट्रेनिंग सेंटर आहे, तिकडे जाऊन राहायची तयारी असेल तर जा, सिम्युलेटर वगैरे आहे. नाहीतर इथल्या स्कूलमध्ये रिकामी गाडी सुपर कॉरिडॉरवर चार वेळा फिरवून सर्टिफिकेट देतात, त्याने लायसन होतं, ड्रायव्हर होत नाही. खरं शिकणं म्हणजे एखाद्या उस्तादाच्या शेजारी बसून. पिथमपूरला नवीन गाड्या कारखान्यातून डीलरकडे पोचवायचं काम असतं, जुन्या काळी तर नुसती चासी असायची, ना काच ना दरवाजा, ड्रायव्हर तोंडाला मफलर गुंडाळून मद्रासपर्यंत जायचे आणि रेल्वेने परत, आता केबिन असते. त्या कामात वेगवेगळ्या गाड्यांवर हात साफ होतो आणि रस्ते बघून होतात, पण हेवी लायसन आधी हवंच.

आणि एक गोष्ट आत्तापासून डोक्यात ठेव, घाट. मुंबई लाइन धरलीस की मालवा उतरताना मानपूरजवळचा भेरूघाट लागतो, मग गणेश घाट, त्याला आता नवा रस्ता झालाय पण उतार तो उतारच, मग खलघाटला नर्मदा ओलांडून सेंधव्याच्या पुढे बिजासन. वर पोचल्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, गिअर पाडायचा, अर्ध्या उतारावर नाही. ज्या गिअरमध्ये ती गाडी तो घाट चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक लावून, पाय ब्रेकवर सारखा दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रल मारतात ते बघशीलच. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, आणि मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो, ती हवा भरणारा कॉम्प्रेसर स्लो आरपीएमवर फिरतो म्हणून तू जेवढा ब्रेक मारतोस तेवढी हवा टाकीत भरत नाही. आधी जळका वास येतो, मग पॅडल लागतं पण गाडी ऐकत नाही. उस्ताद न्यूट्रल मारणारा असेल तर उस्ताद बदल.

सवाल: आमच्या घरात आजवर सगळे नोकरदार. सासरे होळकर कॉलेजात होते, हे वीज मंडळात. मुलगा बीकॉम अर्धं टाकून म्हणतो ट्रक चालवणार. मराठी घरातला मुलगा आणि ट्रक ड्रायव्हर? मुलगी कोण देणार? आणि रात्र-रात्र जागून नाही नाही ती सवय लागेल याची धास्ती वाटते. (लोकमान्यनगर)

जवाब: काकू, मराठी माणूस लांबच्या रस्त्याला लागला म्हणूनच आपण सगळे इंदूरला आहोत, मल्हारराव काय घरबसल्या सुभेदार झाले होते का. लग्नाचं मी काय सांगू, बीकॉम होऊन घरी बसलेल्याला तरी कुठे मुली मिळतायत.

झोपेची धास्ती मात्र तुमची बरोबर आहे. कायद्यात ड्रायव्हरला दिवसाला ८ तास आहेत, लांबच्या लाइनवर थोडे जास्त, पण रस्त्यावर ते कोणी मोजत नाही, म्हणून मुलाला विचारा गाडीवर दोन ड्रायव्हर आहेत का एक. काही कंपन्या रिले करतात, म्हणजे चार-पाच तास चालवायचं, पुढच्या माणसाच्या ताब्यात गाडी द्यायची आणि दुसरी गाडी घेऊन परत यायचं, त्यात पैसे थोडे कमी असतील पण मुलगा रात्री घरी येतो. तुमच्यासारख्या घरातून पहिल्यांदा जाणाऱ्या पोराला हेच चांगलं. केबिनला एसी आता सक्तीचा झालाय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या प्रत्येक मध्यम आणि मोठ्या ट्रकला, मे महिन्यात निमाडातून जाताना त्याची किंमत कळते. आणि गाडी चालवताना तुम्ही स्वतः फोन करू नका, त्याला सांगा थांबलास की तू कर.

सवयीचं म्हणाल तर गुटखा-बिडी सगळीकडेच आहे, आपल्याकडे त्याहून मोठी भानगड म्हणजे डोडा. मंदसौर-नीमच पट्ट्यात अफूची शेती, तिथून निघालेला डोडाचुरा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, ढाब्यांवर चहात पण मिळतो आणि पोत्यांनी गाड्यांत पण जातो. ड्रायव्हरला गोड बोलून सांगतात, भिया, दोन पोती कांद्याच्या खाली टाक, जोधपूरला उतरव, पाच हजार घे. ५० किलोच्या वर डोडा सापडला तर एनडीपीएस या नशेच्या मालाच्या कायद्यात १० ते २० वर्षं आहेत, जामीन जवळजवळ नाहीच, आणि गाडीच्या मालकाला काही माहीत नव्हतं असं तो आधीच सांगून मोकळा झालेला असतो. मुलाला एवढंच पक्कं सांगा की बिल्टीत, म्हणजे मालाच्या पावतीत, जे लिहिलंय त्याच्याशिवाय चपलेचा जोड सुद्धा गाडीत ठेवायचा नाही, ओळखीच्याने दिला तरी. भराईच्या वेळी चहा प्यायला जायचं नाही, पोती मोजत उभं राहायचं.

सवाल: भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे. कॉलेज झालं, आता ट्रक स्कूल करतोय. एक कंपनी म्हणते तू स्वतःच्या नावाने कंपनी उघड, आम्ही ट्रक लीजवर देतो, चार वर्षांत तुझा. दुसरी माइलवर पैसे देते, कंपनीचा ट्रक. तो मला विचारतोय, मी तुम्हाला. (सुदामानगर)

जवाब: दादा, वर नंदानगरच्या पोराला जे लिहिलंय तेच भाच्याला वाचून दाखवा, फक्त रुपयांच्या जागी डॉलर करा. देश बदलला तरी सौदा तोच आहे.

तरी तिकडचं तिकडचं सांगतो. भाच्याच्या राज्यात, ऑन्टारिओत, मोठ्या ट्रकला एझेड लायसन, आणि त्याआधी कमीत कमी १०३.५ तासांचं ट्रेनिंग १ जुलै २०१७ पासून सक्तीचं आहे. स्कूल म्हणत असेल की तास आम्ही कागदावर भरून देतो, तर तिथून उठून यावं, बर्फातल्या उतारावर तो कागद काही कामाचा नाही. आणि स्वतःच्या नावाने कंपनी उघडायची जी अट घालतायत, त्याला तिकडे ड्रायव्हर इंक म्हणतात, म्हणजे काम नोकराचं, हुकूम कंपनीचा, आणि कागदावर हा मालक. मग सुट्टीचे पैसे नाहीत, नोकरी गेली तर बेकारी भत्ता नाही, हातपाय मोडला तर कामगार विम्याची पंचाईत, आणि टॅक्सवाल्यांनी नंतर पकडलं तर वसुली भाच्याच्या कंपनीवर. तिकडचं सरकार या प्रकारामागे लागलेलंच आहे.

लीजचं म्हणाल तर अमेरिकेत सरकारने यावर एक टास्क फोर्स बसवला होता, त्याने जानेवारी २०२५ च्या रिपोर्टात सांगितलं की असले लीज-परचेसचे सौदे बंदच करा, ड्रायव्हरच्या हाती ट्रक क्वचितच लागतो. कारण तेच, ट्रक देणारी पण तीच कंपनी आणि लोड वाटणारा डिस्पॅचर पण तिचाच, लोड नाही आला तरी आठवड्याचा हप्ता कापणारच. आपल्याकडे निदान पोरगा मूर्खासारखा रात्रभर चालवून एखादी फेरी जास्त तरी मारतो, तिकडे ते पण जमत नाही. कॅनडात दिवसाला १३ तास चालवायचं, अमेरिकेत ११ आणि मग सलग १० तास सुट्टी, आणि दोन्हीकडे ट्रकमधलं मशीनच तास मोजतं, त्याच्यापुढे चलाखी नाही. म्हणजे कमाईला वरून झाकण, हप्त्याला नाही.

माइलवाली कंपनी घे म्हणावं, आणि तिला विचार की टायर पंक्चर होऊन उभा राहिलो, वेअरहाऊसबाहेर चार तास बसलो, त्याचे काही देता का. आणि स्कूलची फी कंपनी भरणार असेल तर नोकरी मध्येच सोडली की किती परत द्यायची तो आकडा सही करायच्या आधी वाचावा.

सवाल: मुलगी आहे, २३, महिंद्राची पिकअप चालवते दूध डेअरीसाठी. लांबच्या लाइनवर मुली जातात का हो? की उगीच स्वप्नं बघतेय? (महू)

जवाब: जातात. भोपाळच्या योगिता रघुवंशींचं नाव ऐकलं नसेल तर शोधून वाच, मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, वकिलीची डिग्री हातात आणि नवरा गेल्यावर ट्रकच्या स्टिअरिंगवर बसल्या, देशभर गाडी नेतात. पण ताई, खरं ते सांगतो, अडचण चालवण्यात नाही. रात्री गाडी लावायला उजेड आणि गार्ड असलेली जागा, स्वच्छ बाथरूम आणि गोडाऊनवर गुटखा खात बसलेले चार जण, अडचण ही आहे. म्हणून सुरुवातीला ठरलेल्या दोन टोकांची लाइन असलेली कंपनी बघ, पिथमपूर ते पुणे असली, जिथे दोन्हीकडे कंपनीचंच आवार असतं. मार्केटचं भाडं मारत अनोळखी मंडीत फिरणं पुढे कधीतरी. हेवी लायसनचं वर लिहिलंय तेच तुला पण.

सवाल: अपघात झाला तर ड्रायव्हरला १० वर्षं असा कायदा आलाय ना? मग कोण जाणार या धंद्यात? (मालवीयनगर)

जवाब: जानेवारी २०२४ चा चक्काजाम त्याच्यावरच झाला होता, आपल्याकडे पंपावर लाइनी लागल्या होत्या आणि शाजापूरला कलेक्टरसाहेबांनी मीटिंगमध्ये ड्रायव्हरला औकात विचारली आणि खुर्चीच गेली. नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली पण ते १० वर्षांचं कलम, १०६ मधलं दुसरं पोटकलम, तेवढं लागू केलं नाही. ते पण पळून गेलेल्या आणि कुठे कळवलं नाही अशा ड्रायव्हरसाठी होतं. बाकी निष्काळजीपणाने माणूस गेला तर ५ वर्षांपर्यंतचं पहिलं पोटकलम चालू आहे. माराच्या भीतीने ड्रायव्हर पळतो हे सगळ्यांना माहीत आहे, जीव वाचवायला तिथून निघावं लागलं तरी जवळच्या ठाण्यावर किंवा ११२ वर लगेच कळवायचं आणि फोन केल्याची वेळ लक्षात ठेवायची.

सवाल: रस्त्यात गाडी बिघडली आणि ई-वे बिलाची मुदत संपली तर दंड ड्रायव्हरला का? (राऊ)

जवाब: दंड मालावर आणि गाडीवर लागतो, पण रस्त्यावर अडकून पडतो ड्रायव्हरच. ई-वे बिल म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याच्या मुदतीचा २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे, इंदूर-मुंबईला तीन दिवस मिळतात. मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, ऑनलाइन, कारण लिहून. धामनोदला गाडी उभी राहिली की मिस्त्रीला फोन करायच्या आधी ऑफिसात मुनीमजींना फोन करून सांग बिल वाढवा, आणि वाढवल्याचा मेसेज आला का बघ, कारण रविवारी मुनीमजी फोन उचलत नाहीत.